नाल्यापलीकडचं दीड एकर

डोणगाव,
बुधवार, २२ एप्रिल २०२६

चि. निशिगंधास आजीचे अ. उ. आ.

सगळ्यात आधी उतरली ती कलाबाई. जीपमधून उतरताना तिची एक चप्पल आतच राह्यली, तर ती बाई तशीच एका पायानं ओट्यावर आली. तिच्या मागून गीताबाई, काखेत फाइल, डोक्याले रुमाल. मी अंगणात कुरडया उलट्या करून राह्यली होती. मले वाटलं मतदार यादीवाल्या आल्या. मी आपलं आधीच सांगून टाकलं की घरात चार मतं आहेत, त्यातलं एक नागपुरात नर्सिंग शिकते. त्या हसल्या. कलाबाई म्हणे, आजी, आम्ही तुमच्या शाळेतून आलो.

माझ्या शाळेतून. पोरी, त्र्याहत्तरावं चालू आहे मले. माझी शाळा असं कोणी दारात येऊन म्हणन, हे सपनातही नव्हतं. तुले ठाऊक आहे, मी चिखलीले मावशीकडे राहून मुलींच्या शाळेत चौथी केली. मग माय अंथरुणाले खिळली अन् बापानं घरी आणलं. त्या चार वर्षांचं नाव त्यांच्या जुन्या रजिस्टरात निघालं. गीताबाईनं फोटो दाखवला त्या पानाचा. माझं नाव निळ्या शाईत, बाजूले हजेरी. एक आठवडा गैरहजर दिसली, तो गोवराचा.

या दोघीही तिथल्याच जुन्या विद्यार्थिनी. आखाजीच्या सणाले लेकी माहेरी येतात, जुन्या मैत्रिणी एका गावात सापडतात, म्हणून त्या दरसाल याच आठवड्यात गावोगाव फिरतात. शाळेजवळ खेड्यातल्या पोरींसाठी वसतिगृह आहे. संध्याकाळची बस नाही म्हणून सातवीनंतर घरी बसणाऱ्या पोरी तिथं राहतात. जुन्या विद्यार्थिनी सुगीले एकेक पायली धान्य पाठवतात, त्यावर तिथली चूल पेटते. मी साठ वर्षांत एक दाणा पाठवला नाही, कारण मले कोणी सांगतलंच नाही. आता खोल्या कमी पडून राह्यल्या. चाळीस पोरी आत, तेवढ्याच परत जातात. काही बाया आपल्यामागं शाळेले काही मिळावं असं लिहून ठेवतात म्हणे.

आपल्याकडे रस-पोळ्या होत्याच. तुझी आई दळणाले गेली होती, तुझा बाप वावरात. तिसरी वाटी रस वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या बापानं मले दिलेलं नाल्यापलीकडचं दीड एकर माझ्यामागं शाळेचं. कलाबाईनं वाटी खाली ठेवली अन् माझे हात धरले. मले इतका आनंद झाला की जीप गेल्यावर मी एकटीच ओट्यावर बसून चौथीतली कविता म्हणून पाह्यली. अर्धी आठवली.

तो आनंद दिवे लागेपर्यंत टिकला. मग शेजारची रुखमाबाई आली. तिले सगळंच ठाऊक असते. म्हणे, सही करू नको माय. त्या शाळेच्या कागदावर गेल्या साली दोघींनी सह्या केल्या. देऊळगाव राजाची अकराव्या दिवशी गेली, साखरखेर्ड्याची पुरता महिनाही जगली नाही.

तेव्हापासून मले सहीचं भेव आहे. कागद टाइप करून त्या २८ मेले येणार. फोन करू नको, समोरचं माणूस ऐकू येते मले, फोनवर कानातलं यंत्र नुसती शिट्टी वाजवते. पत्र लिही, अन् आपल्या आजीवर जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी
आजी


नागपूर,
३० एप्रिल २०२६

ती. आजीस, निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग खोलीतल्या काजलला वाचून दाखवलं, मग ती हसली. तिची आजी अकोल्याची आहे, ती विमा उतरवायलाही अशीच घाबरते म्हणे.

आजी, सह्या करून गेलेल्या त्या दोघी बायांची चौकशी केली मी. शाळेचा नंबर मिळाला, कलाबाईच बोलल्या. देऊळगाव राजाच्या बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या आणि साखरखेर्ड्याच्या अठ्ठ्याऐंशीच्या, त्यात वर्षभर अंथरुणावर. त्यांनी सही केली म्हणून त्या गेल्या नाहीत. जायचं दिसत होतं म्हणून सही केली. तू अजून कुरडया घालतेस, रुखमाआजीशी भांडतेस, आणि गेल्या दिवाळीत माळ्यावर चढली होतीस, हे मला आईनं सांगितलंय. आमच्या वॉर्डात सहीनं मेलेला एकही पेशंट मी पाहिला नाही.

पण एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या चार पानी पत्रात बाबा एकदाच आले, तेही वावरात गेले एवढ्यापुरते. नाल्यापलीकडच्या दीड एकरात त्यांनी गेल्या पावसाळ्यात संत्र्याची रोपं लावली ना? ती लावताना तूच खड्ड्यात पहिलं पाणी घातलंस, फोटो आहे माझ्याकडे. बाबांना तू सांगितलंस का? मला आपलं वाटतं की तू मरणाला नाही भीत. बाबांना भितेस.

परीक्षा २५ मेला संपते. जेवण बरं आहे, वरणात डाळ शोधावी लागते. माझ्यावरचा तुझा लोभ कानाच्या यंत्रासारखा बंद करून ठेवू नकोस.

तुझी
निशू


डोणगाव,
बुधवार, ६ मे २०२६

चि. निशूस आजीचे अ. उ. आ.

माळ्यावर मी पापडाचा डबा काढाले चढली होती, अन् तुझ्या आईनं ते नागपूरपर्यंत पोचवाचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी दोन दिवस तुझ्यावर रुसली. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा काढून वाचलं. तू म्हणते ते खरं आहे.

तुझा बाप राजू सकाळी सहाले तिकडे जाते. एकशे दहा झाडं आहेत. नळ्या टाकल्या आहेत ठिबकच्या, तरी प्रत्येक झाडापाशी वाकून पाहते, थेंब पडते का नाही. एप्रिलच्या उन्हात झाडांले त्यानं तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यांच्या सावल्या बांधल्या. लांबून पाह्यलं तर बाया उभ्या असल्यासारखं वाटते. घरी आला की सांगते, पाचव्या वर्षी फळ धरलं की आई, पहिली टोपली तुझ्या हातची. अन् मी हाव म्हणते. रसाच्या वाटीपाशी बसून मी ते सगळं देऊन टाकलं अन् वर हाव म्हणते.

सातबारा माझ्या नावचा आहे, देण्याचा हक मले आहे, हे गीताबाईनं दोनदा विचारून घेतलं. पण हकाचं काय घेऊन बसली. त्याचा चेहरा मले पाहावा लागन ना. हा मृत्युपत्राचा कागद म्हणून बरा. मी गेल्यावर त्याले कळन. तेव्हा तो कितीही चिडला तरी मी फोटोत, हार घालून. फोटोतल्या बाईवर कोण ओरडते? मोठी भित्री आहे तुझी आजी.

पण शाळेले दिलेला शब्द मोडवत नाही मले. कलाबाईनं सांगतलं, आठवीतली एक पोरगी, छकुली नाव तिचं, डोणगावपल्याडच्या तांड्यावरची. जागा नाही म्हणून गेल्या जूनमध्ये परत पाठवली, अन् जाताना तिनं वसतिगृहाचं अंगण झाडून दिलं. कोणी सांगतलं नव्हतं. मी चौथीतून निघाली त्या दिवशी पाटी पुसून बाईंच्या टेबलावर ठेवून आली होती. तशीच वाटली मले ती.

म्हणून तोंड बंद ठेव. बापाले नाही, आईले तर मुळीच नाही. अठ्ठावीसले तुझा बाप चिखलीच्या बाजारात तूर घेऊन जाणार आहे, तेवढ्यात सही उरकून घेईन.

अभ्यास कर. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
आजी


डोणगाव,
शनिवार, १६ मे २०२६

चि. निशूस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं नाही, तरी मी लिहून राह्यली.

मले वाटते माझं काही खरं नाही. सही केली नाही तरीही.

झालं असं. गेल्या रविवारी राजू सकाळी वावरात गेलाच नाही. माझ्या खाटेपाशी येऊन उभा राह्यला अन् नुसता पाहत राह्यला. मी म्हटलं, काय झालं बे. तर काही नाही म्हणे. दुपारी मिस्तरी आणून न्हाणीत धराले दांडा बसवला. सोमवारी मले मेहकरले दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, मले कायले, गुडघा तर दहा वर्षांपासून दुखते. ऐकलं नाही. रक्त काढलं, छातीची पट्टी काढली, पोटावर थंडगार लेप लावून मशीन फिरवली. डाक्टर माझ्याशी दोन शब्द बोलला अन् मग राजूले बाहेर घेऊन गेला. काचेतून दिसत होतं. राजू त्याले पुन्हा पुन्हा काहीतरी विचारून राह्यला होता अन् डाक्टर मान हलवत होता. नाही, नाही अशी.

येताना मोटरसायकल त्यानं इतकी हळू चालवली की एक बैलगाडी आमच्या पुढं गेली.

तेव्हापासून रोज डाळिंब. सोलून, दाणे काढून. तुझी आई, जी मले चहात साखर मोजून घालते, ती दुधावरची साय वाटीत घालून देते अन् खा म्हणते. काल तुझी आत्या पिंपळगाव राजाहून आली. काही सण नाही, वार नाही. आली, माझ्या गळ्यात पडली अन् रडली. मी विचारलं तर म्हणे, सहज. सहज कोणी रडते काय? रुखमाबाई भिंतीवरून पाहून गेली अन् तिनंही काही टोमणा मारला नाही. तेव्हा मात्र मले खात्री पटली.

डाक्टरनं त्याले काहीतरी सांगतलं. ते मले सोडून सगळ्यांले ठाऊक आहे. मले विचाराचं भेव वाटते, कारण विचारलं तर तो सांगन. रात्रंदिवस छातीवर हात ठेवून मोजते. कधी लवकर लवकर वाजते, कधी वाजतच नाही असं वाटते.

दोन गोष्टी लिहून ठेवते. माझी हिरवी इरकल तुझी. अन् मी अठ्ठावीसपर्यंत राह्यली नाही तर तू शाळेत जाऊन सांग की अन्नपूर्णाबाईनं शब्द मोडला नाही, तिले दिवस कमी पडले.

तू नर्स होऊन राह्यली. खरं खरं लिही. आजीले फसवू नको. तुझ्या पत्राची वाट पाहते.

तुझी
आजी


नागपूर,
१९ मे २०२६

ती. आजीस शि. सा. न.

आज टपाल मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे. हे पत्र घेऊन काजलचा भाऊ शिवम मेहकरच्या बसनं येतोय, तो तुझ्या हातात देईल. आधी मुख्य गोष्ट वाच. तुला काही झालेलं नाही. बाबांनी सगळे रिपोर्ट मला पाठवलेत. ते मी आमच्या मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, हे हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. तो डॉक्टर मान हलवत होता कारण बाबा त्याला विचारत होते की अजून काही तपासायचं राहिलंय का.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला मी दहा दिवस घाबरत होते. चूक माझी आहे. शनिवारी ९ तारखेला बाबांचा फोन आला. डोक्यात शरीरशास्त्राचा पेपर, आणि मी बोलून गेले की आजीचं आधार कार्ड सापडत नसेल तर शोधून ठेवा, मृत्युपत्राला लागेल. मग त्यांनी एवढंच विचारलं की तिला काय झालंय. मी म्हटलं काही नाही. तर म्हणाले, तू नर्सिंगची आहेस, तुला तिनं सांगितलं असेल आणि मला सांगायला मना केलं असेल. मी शपथा घेतल्या. त्यांना वाटतं धडधाकट बाई मृत्युपत्र कशाला करेल.

म्हणजे बघ आजी. तुला वाटतं बाबांना काही माहीत आहे. बाबांना वाटतं तुला काही माहीत आहे. आणि तुम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही, कारण दोघंही उत्तराला भिता. मी इथं तुमच्या दोघांच्या मध्ये बसून पेपर देते आहे.

एक गोष्ट मात्र मला रोज आठवते. त्या फोनवर आणि नंतरच्या सात फोनवर बाबांनी एकदाही विचारलं नाही की मृत्युपत्रात काय आहे. वावर कोणाला, घर कोणाला, काहीच नाही. फक्त तू किती जेवलीस हे सांगतात.

त्यांना सांग, आजी. डाळिंबं महाग आहेत. आणि माझ्यावर रागाव, पण बोलणं बंद करू नकोस.

तुझी अपराधी
निशू


डोणगाव,
शुक्रवार, २९ मे २०२६

चि. निशूस आजीचे अ. उ. आ.

शिवम आला, जेवून गेला. चांगला पोरगा आहे, भात दोनदा घेतला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्यावर रागवाले वेळ नाही मिळाला, तो पुढं कधीतरी काढीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजूच्या मागं मागं नाल्यापलीकडे गेली. तो एका झाडापाशी बसून नळीतली माती काढत होता. मले पाहून धावत आला, आई, इतकं चालत कायले आली, चक्कर येईल. मी बांधावर बसली अन् सगळं एका दमात सांगून टाकलं. शाळा, रस, कलाबाई, दीड एकर. हेही सांगतलं की तुले मी गेल्यावर कळावं म्हणून लपवलं. बोलताना मी त्याच्याकडे पाह्यलं नाही, लुगड्याच्या सावलीकडे पाहत राह्यली.

त्यानं हातातली माती झटकली. मग विचारलं, म्हणजे तुले काही झालं नाही? मी म्हटलं, नाही, गुडघा सोडून काही नाही. तर तो तिथंच ढेकळात बसला अन् तोंडावर पंचा घेतला. मी समजलो तू चालली, एवढंच बोलला.

मले वाटलं झालं, निभावलं. पण बाई, मी जित्ती राहणार हे पक्कं झाल्यावर त्याले राग आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. डाळिंब बंद. साय बंद. तुझ्या आईनं चहात साखर पुन्हा मोजून घातली. तिसऱ्या दिवशी जेवताना तो ताटाकडे पाहून म्हणे, मले आधी विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? अन् मग घास गिळून स्वतःच म्हणे, म्हटलं असतं. मी त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

काल गुरुवारी त्या आल्या. या खेपेले गीताबाई आधी. राजू तूर घेऊन गेलाच नाही, खुर्ची टाकून ओट्यावर बसला. त्या बायांनी कागद काढला अन् वाचून दाखवू का म्हणून विचारलं. राजूनं हात पुढं केला, म्हणे मी वाचतो, तिले माझा आवाज ऐकू येते.

तो माझ्या बाजूले येऊन बसला. कागद दोघांच्या मध्ये धरला अन् मोठ्यानं वाचू लागला. चौथी पास असली तरी अक्षर मले लागते, मी बोट ठेवून त्याच्या मागं मागं चालली. तर एका जागी माझं बोट मागं राह्यलं. कागदावर लिहिलं होतं, माझ्या मृत्यूनंतर सदर जमीन शाळेस मिळावी. राजूनं वाचलं, सदर जमीन शाळेस मिळावी. मले वाटलं नजर चुकली असन. खाली पुन्हा तेच शब्द होते. तिथंही त्यानं ते गिळले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तो थांबला, खाकरला, अन् त्यावरून उडी मारून पुढं गेला. कागदात तीन ठिकाणी मी मेली होती, पण त्यानं एकदाही तोंडातून काढलं नाही. मी काही दाखवलं नाही. बोट तसंच पुढं नेलं.

मी पेन घेतला. तो म्हणे, थांब. त्यानं त्या दोघींले विचारलं की जमीन शाळेची झाल्यावर या झाडांचं काय करणार. विकणार, तोडणार का ठेवणार? ठेवणार तर पाणी कोण देणार? जानेवारीत पाणी तोडून झाडांले ताण कोण देणार? चिखलीहून येऊन कोण वाकून पाहणार? गीताबाई म्हणे, आजवर कोणी पंखा दिला, कोणी दागिना दिला, जमिनी आल्या, पण हे आम्हाले कोणी विचारलंच नाही. राजू म्हणे, मग कागदात एक ओळ वाढवा. झाडं मी पाहीन. शाळेची म्हणून पाहीन. पण कुऱ्हाड कोणी लावाची नाही. नाही तर माझी आई सही करणार नाही.

माझ्या नावानं तो माझ्या देखत ठरवून राह्यला होता, अन् मी पेन धरून बसली होती. कलाबाईनं ते मागच्या पानावर लिहून घेतलं, पण म्हणे शाळेच्या समितीपुढं ठेवावं लागन, आम्हा दोघींच्या हातात नाही. समितीत काही जणींले जमीन विकून लवकर खोल्या बांधाच्या आहेत, हेही तिनं खरं खरं सांगून टाकलं.

तर कागद बिनसहीचाच आहे, देव्हाऱ्याखाली ठेवला आहे. मले अजून भेव आहे, पण आता ते दुसरं आहे. समिती नाही म्हणाली तर मी लेकाची होऊ का शाळेची, हे मले ठाऊक नाही. राजूले विचारलं तर तो म्हणे, पाहू. शाळा जूनच्या शेवटी उघडते अन् तेव्हा ती छकुली पुन्हा पेटी घेऊन दारात येईल, हेही मी त्याले सांगतलं. आज सकाळी वावरातून आल्यावर त्यानं विचारलं, कितवीत आहे ती.

तुझा पेपर कसा गेला ते लिही. रुखमाबाई पुन्हा टोमणे मारू लागली, म्हणजे माझी तब्येत चांगली आहे. आजीले विसरू नको, अन् सुट्टी मिळाली तर गुरुवारी, ११ जूनले घरी ये, माझ्या बाजूले कोणीतरी पाहिजे. त्या दोघी त्याच दिवशी समितीचं उत्तर घेऊन येतो म्हणून गेल्या.

तुझी
आजी